रकाना पाचवा

आमच्या वाचनालयात एकतीस वर्षं मी लोकांना गप्प बसवायचं काम केलं. कागदोपत्री माझं पद 'परिचर', म्हणजे झाडणं, पुसणं, पुस्तकं जागेवर लावणं, दारं-खिडक्या उघडणं आणि लावणं. पण ते कुणीही करील. गप्प बसवणं कुणालाही जमत नाही. माझ्या आधीचा परिचर 'शांतता राखा, शांतता राखा' असं ओरडत फिरायचा, त्यामुळे सगळ्या इमारतीत मोठा आवाज त्याचाच असे. मी पहिल्या आठवड्यातच ती पद्धत बंद केली. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यातली मागच्या दाराची लांब पितळी किल्ली काढायची आणि बोलणाऱ्याच्या टेबलावर दोन ठोके द्यायचे. टक, टक. तोंडातून अक्षर काढायचं नाही. तिसऱ्या ठोक्याची वेळ एकतीस वर्षांत दोनदाच आली, आणि त्यातला एक जण ठार बहिरा होता.

हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढं या किल्लीचं काम पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर मला निवृत्तीला तीन महिने राहिले होते, तेव्हा आमच्या मोठ्या मॅडम कुठल्याशा आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या आणि येताना एक पेटी घेऊन आल्या. लाकडी, वर काच, मधे फट. त्यांनी आम्हा नऊ जणांना वाचनकक्षात उभं केलं. "वाचनालय कर्मचाऱ्यांच्या डोक्यानं चालतं," त्या म्हणाल्या. "इथं लहान-मोठं कुणी नाही. प्रत्येकाच्या डोक्यात काही ना काही नवीन असतंच. ते लिहा आणि या पेटीत टाका. चांगल्या कल्पनेवर आपण खरोखर काम करू."

आमचे नोंदणी कारकून वॉचमनच्या डोक्याकडे बघून हसले. या कारकुनांना आम्ही पाठीमागे 'शिक्का' म्हणतो. वाचनालयात आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा आणि जागेवर ठेवायचा, यात त्यांचा जन्म गेला. घरी आलेल्या लग्नपत्रिकांवरही मारत असतील.

पेटीशेजारी छापील अर्जांचा गठ्ठा होता. कल्पनेला अर्ज लागतो हे मला तेव्हा कळलं. अर्जात पाच रकाने. एक, नाव. दोन, पद. तीन, कल्पना थोडक्यात. चार, त्यासाठी काय काय लागेल. पाच, या कल्पनेची गरज कुणाला आहे.

माझं शिक्षण चौथी. पाचवीत नाव घातलं होतं, पण धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून आठ दिवसांत काढलं. पाचव्याचं आणि माझं तेव्हापासूनच जमत नाही.

पण कल्पना माझ्याकडे होती. चार बुकं शिकलेल्यांना पुस्तकं दिसतात, मला माणसं दिसतात, कारण माणसांच्या पायाखालचं मला झाडावं लागतं. आमच्याकडे रोज दुपारी अकरा जण यायचे. सगळे साठीच्या पुढचे. दुपारचं दार उघडायच्या आधी येऊन थांबायचे आणि मी दिवे मालवल्याशिवाय उठायचे नाहीत. सगळ्यांना वाटायचं, केवढे हे वाचक. मला विचारा. चष्म्याच्या दोरीवाल्या एक बाई होत्या, त्यांच्या पुस्तकातली खूण चार महिने एकाच पानावर होती. ते पुस्तक रोज मीच जागेवर ठेवायची, तेव्हा मला कळायचं. एक आजोबा वर्तमानपत्राची पानं अशी उलटायचे, जसं कुणी आपलं नाव पुकारतंय का ते बघावं. आणि एक खोकलेकाका. हा मनुष्य खोकल्यानंच बोलायचा. कुणी आलं की एक खोकला, कुणी निघालं की दोन. ठोके मारावेत तर खोकल्याला कसे मारणार. त्यांना काही दुखणं नव्हतं हो. बाहेर रस्त्यावर कधी खोकताना दिसले नाहीत.

हे लोक वाचायला येत नव्हते. घरी कुणी नसतं म्हणून येत होते. आणि इथं आले की मी टक, टक.

तेव्हा माझी कल्पना अशी की बाइंडिंगच्या खोलीशेजारी मोडक्या खुर्च्यांची एक खोली पडून आहे, ती साफ करावी, मधे टेबल टाकावं, आणि तिथं लोकांना बोलू द्यावं. बस. एवढीच.

माझं स्वतःचं तसं काही नव्हतं, हे आधी सांगते. मला घर आहे, तीन खोल्यांचं. दोन मुलगे, एक मुलगी, सगळे आपापल्या जागी सुखात. दर रविवारी सकाळी थोरल्याचा फोन येतो. "आई, बरी आहेस ना?" "बरी आहे." "गोळ्या घेतेस ना?" "घेते." "काही लागलं तर सांग." "सांगते." चार मिनिटांत उरकतं. त्या घरात माझा शब्द कायम शेवटचा असायचा. मी बोलले की विषय संपला, मुलं काय, मुलांचे वडील काय, कुणाची टाप नव्हती. हल्ली पहिला शब्दही माझाच असतो आणि शेवटचाही. ते असो.

मी अर्ज घरी नेला आणि चूक केली. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना फक्त एक शब्द विचारायला गेले, तर ते चष्मा घेऊन खालीच आले. रिकामा मास्तर आणि कोरा कागद एकत्र ठेवू नये. त्यांनी तास-दीड तास खपून तिसऱ्या रकान्यासाठी एक मजकूर केला आणि मला वाचून दाखवला. 'वयोवृद्ध वाचकवर्गाच्या परस्परसंवादाची उत्तरोत्तर वाढती निकड विचारात घेता' इथून सुरू होऊन तो एका दमात खाली आला.

"मास्तर," मी म्हटलं, "यात माझी खोली कुठं आहे?"

"खोली अध्याहृत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ती आहे, पण शब्दांत दिसत नाही."

"मग लोक बसणार कुठं?"

मास्तर जरा दुखावले. तेवढ्यात शेजारीण आली, कारण आमच्याकडे कुणाचा आवाज येतोय याचंच तिला नवल वाटलं. तिनं उभ्या उभ्या कागद वाचला. "हे कुणीतरी चोरणार," ती म्हणाली. "माझ्या दिरानं कारखान्यात अशीच एक युक्ती सांगितली होती, बढती दुसऱ्याला मिळाली. तू आधी दोन प्रती कर. एक माझ्याकडे ठेव."

"तुझ्याकडून कुणी चोरली तर?"

"माझ्याकडून कोण चोरणार? माझ्याकडे येतंच कोण?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तिच्या बहिणीला घेऊन. बहिणीचं म्हणणं, खोलीला खिडकी किती ते लिही. मास्तर पुन्हा आले, त्यांना रात्रभर विचार करून 'निकड'ऐवजी 'गरज' सुचलं होतं. तिसऱ्या दिवशी माझ्या घरात एका वेळी पाच माणसं बसली होती आणि भांडत होती. कपबश्या कमी पडल्या, मी वरच्या फळीवरच्या काढून विसळल्या. मला त्या कटकटीचा इतका वैताग आला की मी त्यांना चौथ्यांदा चहा केला.

मग मी सगळ्यांचे कागद बाजूला ठेवून माझ्या हातानं चार ओळी लिहिल्या. अक्षर मोठं, पण सरळ. 'मोडक्या खुर्च्या काढा. टेबल ठेवा. तिथं बोलायला परवानगी द्या. दुपारी.' चौथ्या रकान्यात लिहिलं, 'एक टेबल, बारा खुर्च्या.' पाचव्यापाशी पेन थांबलं. गरज कुणाला आहे? मी 'लोकांना' असं लिहिलं आणि अर्ज मिटला.

"बारा कशाला?" शेजारणीनं विचारलं. "अकराच जण येतात म्हणालीस ना."

"एखादी जास्तीची असावी," मी म्हटलं. "मोडते."

अर्ज झाला, तसं दुसऱ्या दिवसापासून कुणी आलं नाही. साहजिकच आहे. काम झालं होतं.

पेटीची फट बारीक आणि माझा कागद शेजारणीच्या सांगण्यावरून आठ घड्यांचा, त्यामुळे तो अर्धा आत जाऊन अडकला. सगळ्यांच्या देखत. वॉचमननं पट्टीनं ढकलला तेव्हा गेला. वॉचमनचे स्वतःचे तोवर सतरा अर्ज पडले होते आणि सतराही त्याच्या खुर्चीबद्दल होते. बाइंडरनं चिकटवायच्या खळीबद्दल एक टाकला होता. शिक्क्यांनी एक टाकला होता, तो असा की कल्पना तीन प्रतींत घ्याव्यात.

मग वाट बघणं. पहिला महिना मी मॅडमच्या खोलीतलं टेबल दिवसातून दोनदा पुसलं, जरा आवाज करून. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. मीही कशाला काढीन? मी काही मागायला गेले नव्हते. त्यांनी मागितलं, मी दिलं. दुसरा महिना निम्मा झाला तेव्हा मी त्यांच्या टेबलाचा फक्त मधला भाग पुसायला लागले.

आणि एक दिवस त्यांनी सगळ्यांना बोलावलं. चेहरा उतरलेला. "मला थोडं वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "मी इतक्या आशेनं पेटी ठेवली. दीड महिन्यात तुमच्यापैकी एकालाही काही सुचू नये?"

वॉचमन आपल्या सतरा अर्जांचा हिशेब बोटांवर करत होता. मी म्हटलं, "मॅडम, मी टाकला होता. सगळ्यांनी बघितलाय, अडकला होता."

"पण पेटी तर रिकामी आहे, मावशी. मी रोज बघते."

शिक्क्यांनी घसा साफ केला. "रिकामीच असणार. मी दर शनिवारी काढून घेतो ना."

"काढून काय करता?"

"काय करता म्हणजे? शिक्का, नंबर, नोंद. एकवीस झाल्यावर बाइंडिंगला दिल्या. संदर्भ विभागात आहेत. कपाट क्रमांक चार."

आम्ही सगळे कपाट क्रमांक चारकडे गेलो. काळं कापड, सोनेरी अक्षरं, 'कर्मचाऱ्यांच्या कल्पना, खंड पहिला'. पाठीवर पांढरी चिठ्ठी, 'बाहेर नेण्यास मनाई'. मी एकतीस वर्षं ती कपाटं पुसते, आणि गेले तीन आठवडे माझीच कल्पना मी फडक्यानं पुसत होते.

"अहो, पण मला सांगायचं तरी," मॅडम म्हणाल्या.

"आपण मागणी-चिठ्ठी भरली नाहीत," शिक्का म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. "मी वाट बघत होतो. इतका चांगला खंड झाला आणि कुणीच मागितला नाही."

मॅडमनी तिथंच खंड उघडला. माझं पान एकोणिसावं. मोठं सरळ अक्षर, आठ घड्यांच्या खुणा, आणि पाचव्या रकान्यापाशी शिक्क्यांची तांबडी पेन्सिल, 'अपूर्ण'.

"लोकांना म्हणजे नक्की कुणाला, मावशी?" मॅडमनी हळू विचारलं.

"लोकांना म्हणजे लोकांना. मला काय त्याचं? मी तर चालले."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "करू या."

'करू या' म्हणणं आणि होणं यात आमच्या वाचनालयात एक समिती असते. शिक्क्यांनी जुना नकाशा काढला, तर ती मोडक्या खुर्च्यांची खोली कागदोपत्री 'मौन अभ्यासिका' निघाली. तिथं पुस्तकं नव्हती, अभ्यास नव्हता, पण मौन मात्र मंजूर होतं. "नियमानं त्या खोलीत बोलता येणार नाही," शिक्का म्हणाले. "फार तर शेजारच्या खोलीत बोलता येईल." शेजारच्या खोलीत बाइंडर होता, तो म्हणाला, माझ्याशी बोलायला आजवर कुणी आलं नाही, आता एकदम अकरा जण नकोत.

समितीनं दोन बैठकांत खोलीचं नाव बदललं. रंगारी आला, त्यानं नवी पाटी केली, 'येथे बोलावे'. जुन्या 'शांतता राखा'च्या पाटीचे स्क्रू गंजून भिंतीत बसले होते, ते निघेनात. शेवटी वर 'शांतता राखा' आणि खाली 'येथे बोलावे' अशा दोन्ही राहिल्या. वाचणाऱ्याला वाटावं की आत नवरा-बायको राहतात.

मी खुर्च्या काढल्या, जळमटं काढली, टेबल दोनदा धुतलं. बारा खुर्च्या मांडल्या. बारावीचा पाय मी स्वतः दोरीनं बांधून घट्ट केला.

पहिल्या दुपारी मी अकराही जणांना वाचनकक्षातून उठवून तिकडं नेलं. ते आज्ञाधारकपणे आले आणि बसले. मी बाराव्या खुर्चीवर बसले, जुडगा मांडीवर ठेवला. कुणी बोलेना.

"बोला," मी म्हटलं.

चष्म्याच्या दोरीवाल्या बाईंनी खाली बघितलं. वर्तमानपत्रवाल्या आजोबांनी खिशातून कालचा पेपर काढला.

"अहो, बोला म्हणतेय ना. परवानगी आहे. पाटी लावलीय."

"कशावर बोलायचं?" कुणीतरी कुजबुजलं.

"कशावरही. माझ्यासाठी म्हणून नाही, तुमच्यासाठी केलंय हे."

खोकलेकाकांनी एक खोकला काढला, मग माझ्या मांडीकडे बघून तोही मधेच गिळला. दोन तास आम्ही बारा जण एकमेकांकडे बघत बसलो. वाचनालयात इतकी शांतता मी एकतीस वर्षांत कधी आणू शकले नव्हते. मॅडम दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "वा, किती छान बसलेत सगळे." पाचही दिवस तेच. सहाव्या दिवशी मला वाटायला लागलं की मास्तरांची खोलीच बरी होती, दिसत तरी नव्हती.

त्या दिवशी मी पाणी भरायला उठले. परत येताना बोळात पोचले, तर आतून हसण्याचा आवाज. एकाचा नाही, सगळ्यांचा. मला इतका आनंद झाला म्हणता, हातातलं पाणी सांडलं. मी दारापाशी थांबले. खोकलेकाका बोलत होते, एक खोकला नाही की काही नाही, खणखणीत आवाज. "आणि मग बाईसाहेब येतात अशा," ते म्हणाले, आणि टेबलावर कशानं तरी, बहुतेक चष्म्याच्या डबीनं, वाजलं. टक, टक. पुन्हा सगळे हसले. दोरीवाल्या बाई तर हुंदके देत हसत होत्या.

मी दार ढकललं आणि सगळे गप्प झाले.

कुणी इतकं चटकन गप्प होतं का? जुडग्याला मी हातही लावला नव्हता. खोकलेकाकांनी डबी हळूच खिशात टाकली. मी बाराव्या खुर्चीपर्यंत गेले, तिच्या पायाची दोरी नीट आहे का ते बघितलं, आणि "खुर्ची बघायला आले होते," म्हणून बाहेर पडले.

मला राग आला नाही, असं मी शेजारणीला सांगितलं. खरं तर अपमानच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण गोष्ट सरळ होती. मी आत असले की खोली बंद पडते, मी बाहेर असले की चालते. आणि खोली चालायला हवी होती, कारण मीच मागितली होती. म्हणून मी एक स्टूल घेतलं आणि दाराबाहेर बसले.

शेवटचे चोवीस दिवस मी त्या स्टुलावर काढले. दार लावलेलं. आतून शब्द नीट कळायचे नाहीत, पण आवाज ओळखायला यायला लागले. खोकलेकाकांचा जाड. दोरीवाल्या बाईंचा बारीक, आणि त्या बोलायला लागल्या की थांबायच्याच नाहीत. पुस्तक त्यांनी परत केलं होतं, खूण त्याच पानावर. कुणीतरी गायचंही, बेसूर. एकदा आत भांडण झालं तेव्हा मी उठून उभी राहिले, पण ते आपापसांत मिटलं. मॅडमनी वरच्या कार्यालयाला अहवाल पाठवला की कर्मचाऱ्यांच्या कल्पनेतून उपक्रम यशस्वी झाला. त्यात माझं नाव होतं. मॅडमनी मला ते वाचून दाखवलं, आणि मी त्यांचं टेबल कडांसकट पुसलं.

निवृत्तीच्या दिवशी सगळे माझ्याबद्दल चांगलं बोलले. 'मावशी म्हणजे शिस्त', 'मावशी म्हणजे शांतता', असं नऊच्या नऊ जणांनी सांगितलं. ते अकरा जण मागे उभे होते, पण समारंभ वाचनकक्षात होता, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नवी परिचर आली होती, चाळिशीची, दणकट बाई. तिच्या हातात मी जुडगा दिला. "ओरडायचं नाही," मी तिला सांगितलं. "ही पितळी. दोनच ठोके. टेबलाच्या कडेला मारायचे, मधे नाही, मधे आवाज बसका येतो." तिनं करून दाखवलं. बरं जमलं.

घरी घड्याळ लावलं. ते टकटक करतं. घरात दुसरा आवाज नसल्यामुळे फार मोठं वाटतं. मी टीव्ही लावून ठेवायला लागले, म्हणजे ते ऐकू येत नाही. रविवारी थोरल्याचा फोन आला. "आई, बरी आहेस ना?" मी म्हटलं, "बरी आहे. आमच्या वाचनालयात ना, एक दोरीवाल्या बाई होत्या." तो म्हणाला, "हो का? आई, मी जरा गाडी चालवतोय, नंतर करू?" मी म्हटलं, "कर की. गाडी चालवताना बोलू नये."

बाराव्या दिवशी मी वाचनालयात गेले. सभासद म्हणून. रीतसर अर्ज भरला, शिक्क्यांनी शिक्का मारला. वाचनकक्षातून मी सरळ मागं गेले, दोन पाट्यांखालचं दार उघडलं, आणि अपेक्षेप्रमाणे सगळे गप्प झाले. बारावी खुर्ची रिकामीच होती. मी बसले. हातात काही नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळेना.

'बोला' म्हणायची सोय नव्हती. आता मी कोण म्हणणार? घड्याळाची टकटक इथंही ऐकू येतेय असं वाटायला लागलं. शेवटी मी टेबलाकडे बघत म्हटलं, "माझ्या घरी टीव्ही दिवसभर चालू असतो. मी बघत नाही."

मला वाटलं, उठावं. मग खोकलेकाका म्हणाले, "आमच्याकडे रेडिओ. बातम्या देणाऱ्याला मी 'बरं' म्हणतो."

"मी जेवायला दोन ताटं घ्यायची बरेच दिवस," दोरीवाल्या बाई म्हणाल्या. "मग घासायला दोन पडायची, म्हणून सोडलं."

"तुम्ही निदान घासता तरी," मी म्हटलं. "मी परवा चहा दोन कप केला आणि दुसऱ्या कपाला म्हटलं, गार होतोय."

आता यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून सांगता येणार नाही. पण आधी दोरीवाल्या बाई हसल्या, मग काका, मग मी. मी हसायला लागले की माझा आवाज कसा येतो हे मी विसरले होते. तो मोठा आहे. मग मी त्यांना अडकलेला अर्ज सांगितला, मास्तर सांगितले, न दिसणारी खोली सांगितली, वॉचमनची सतरा वेळा मागितलेली खुर्ची सांगितली. काका म्हणाले, "तुम्ही एवढं बोलता हे माहीत असतं, तर आम्ही एकतीस वर्षं आधी बोललो असतो." मी म्हटलं, "तुम्ही एवढं खोकला नसता, तर मीही."

तेवढ्यात दार उघडलं. नवी परिचर आत आली, माझ्याकडे बघितलं, पितळी किल्ली काढली आणि माझ्यापुढं, टेबलाच्या कडेला, टक, टक. "आजी, वाचनकक्षात ऐकू जातंय," ती म्हणाली. "जरा हळू."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. जन्मात कुणी मला गप्प बसवलं नव्हतं. मी म्हटलं, "हो बाई," आणि दार लागल्यावर आवाज थोडा खाली आणून पुढं सांगायला लागले. थोडाच.

निघताना मी शिक्क्यांपाशी मागणी-चिठ्ठी भरून दिली. खंड पहिला. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी खुर्ची पुसून दिली. तो खंड मागणारी मी पहिलीच. मी एकोणिसावं पान काढलं, शिक्का दुसरीकडे बघत असताना पाचव्या रकान्यात 'लोकांना'च्या पुढं एक शब्द लिहिला, आणि खंड मिटून परत दिला.

पुस्तकात लिहिणाऱ्यांची मला अजूनही चीड आहे. पण मी पेन्सिलीनं लिहिलंय. खोडता येतं.